खांद्यावरची लाल पट्टी

कापडाची छोटीशी पट्टी, नारिंगीकडे झुकणाऱ्या लाल रंगाची. गणवेशाच्या खांद्यावर ती चढवायची, एवढेच. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर घरांमध्ये या पट्टीने जेवढी फाटाफूट केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने केली असेल.

तिथल्या संरक्षण कायद्यानुसार सैनिकाला आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागाबाहेर लढायला धाडता येत नव्हते. युद्ध तर उत्तरेला होते. आधी केनिया आणि अ‍ॅबिसिनिया, मग इजिप्त आणि लिबिया. म्हणून 1940 मध्ये सरकारने वेगळी शपथ काढली. आफ्रिकेत कुठेही लढायला जाईन, असे लिहून द्यायचे. जो लिहून देईल त्याच्या खांद्यावर लाल पट्टी. जो देणार नाही त्याचा खांदा कोरा. शिक्षा नाही, दंड नाही, सक्ती तर मुळीच नाही. पण सुट्टीवर गावी आलेला मुलगा स्टेशनवर उतरला की त्याने काय ठरवले ते हमालापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना दिसायचे. इंग्रजी वस्तीत कोऱ्या खांद्याकडे तुच्छतेने पाहिले जाई. आफ्रिकानर वस्तीत लाल खांद्याला शिव्या मिळत, प्रसंगी मारही. भरतीसाठी छापलेल्या कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा ही पट्टी जास्त परिणामकारक होती असे मला वाटते, कारण तिने तटस्थ राहायला जागाच ठेवली नाही.

आफ्रिकानर म्हणजे सतराव्या शतकापासून केपमध्ये वसलेल्या डच, जर्मन आणि फ्रेंच प्रोटेस्टंट वसाहतवाल्यांचे वंशज. त्यांतल्या शेतकऱ्यांना आपण बोअर म्हणून ओळखतो. 1899 ते 1902 या काळात ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट या त्यांच्या दोन प्रजासत्ताकांनी ब्रिटिश साम्राज्याशी युद्ध केले. गनिमी काव्याने लढणारे बोअर हाती लागेनात, तेव्हा ब्रिटिश सैन्याने शेते-घरे जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंबले. गोवर, न्यूमोनिया, जुलाब आणि उपासमार यांनी त्या छावण्यांत 26 हजारांहून अधिक बायकामुले मेली, त्यांतली बहुसंख्य लहान मुले. कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथल्या नोंदलेल्या मृत्यूंचीच संख्या 14 हजारांच्या वर जाते. ब्लूमफाँटेनला 1913 मध्ये उभारलेल्या स्त्री-स्मारकाने त्यांची आठवण ठेवली नाही.

या युद्धाचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोचतो. पकडलेल्या बोअरांना मायदेशात ठेवणे धोक्याचे होते, म्हणून ब्रिटिशांनी त्यांना सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थानात पाठवले. हिंदुस्थानात सुमारे 9 हजार बोअर युद्धकैदी आले आणि त्यांच्या छावण्यांपैकी एक अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला होती. ज्या नगरच्या किल्ल्यात 1942 मध्ये नेहरू, पटेल, आझाद यांना डांबले, त्या शहराने चाळीस वर्षे आधी हे दाढीवाले गोरे कैदी पाहिले होते. 1902 मध्ये तह झाल्यावर ते परत गेले, ते जळालेल्या शेतांवर. त्यांच्यातला विशीतला कैदी 1939 मध्ये साठीला टेकला होता, आणि त्याची मुले नेमकी भरतीच्या वयाची होती.

यान स्मट्स त्याच पिढीचा. केंब्रिजमध्ये कायदा शिकलेला, पण बोअर युद्धात केप वसाहतीत घुसून गनिमी तुकडी चालवणारा सेनानी. तहानंतर त्याने ठरवले की आपल्या लोकांचे भवितव्य साम्राज्यात राहूनच घडेल. 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ब्रिटनच्या बाजूने लढायला नकार देत जुन्या बोअर सेनानींनी बंड केले. 11 हजारांहून अधिक लोक त्यात उतरले. ज्यांच्याबरोबर आपण लढलो त्यांच्यावरच पंतप्रधान बोटा आणि स्मट्स या जुन्या बोअर सेनानींना सैन्य घालावे लागले. योपी फूरी या अधिकाऱ्याने राजीनामा न देताच बंडात उडी घेतली होती. त्याला 20 डिसेंबर 1914 रोजी गोळ्या घालण्यात आल्या. दयेची याचना घेऊन लोक स्मट्सकडे गेले होते, तिचा उपयोग झाला नाही. आफ्रिकानर राष्ट्रवाद्यांनी हा हिशेब कधीच मिटवला नाही.

म्हणून 4 सप्टेंबर 1939 रोजी केपटाऊनच्या संसदेत जे घडले, ते केवळ परराष्ट्र धोरणावरचे मतदान नव्हते. पंतप्रधान हर्ट्झोग, तेही बोअर सेनानीच, तटस्थ राहण्याचा ठराव घेऊन उभे राहिले. त्यांचे उपपंतप्रधान स्मट्स यांनी युद्धात उतरण्याची दुरुस्ती मांडली. दुरुस्तीच्या बाजूने 80, विरोधात 67. तेरा मतांनी देश युद्धात गेला. हर्ट्झोग यांनी निवडणूक मागितली, गव्हर्नर-जनरलने ती नाकारली आणि 6 सप्टेंबरला स्मट्स यांच्या सरकारने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. लोकांना विचारले गेले नाही, ही विरोधकांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

सक्तीची भरती केली तर 1914 ची पुनरावृत्ती होईल, हे स्मट्स यांना पक्के ठाऊक होते. म्हणून सैन्य उभे करायचे ते फक्त स्वयंसेवकांचे. गोऱ्यांची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, त्यांत बहुसंख्य आफ्रिकानर. त्यांना वळवल्याशिवाय सैन्य उभे राहणे शक्य नव्हते.

*

ज्या लोकांना वळवायचे होते, ते वर्षभरापूर्वीच एका वेगळ्या लाटेवर स्वार झालेले होते. 1938 मध्ये 'महास्थलांतरा'ला, म्हणजे ब्रिटिश केप सोडून बैलगाड्यांनी उत्तरेकडे निघालेल्या पूर्वजांच्या प्रवासाला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने केपटाऊनहून बैलगाड्या निघाल्या आणि गावोगाव थांबत प्रिटोरियाला पोचल्या. पुरुषांनी दाढ्या वाढवल्या, बायकांनी पणजीच्या काळातल्या टोप्या घातल्या, रस्त्यांची नावे बदलली. लोक गाडीच्या चाकाला हात लावून रडत. आपल्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. पालखी गावात येते तेव्हा काय होते, ते आपण पाहिलेले आहे. 16 डिसेंबरला प्रिटोरियाजवळच्या टेकडीवर स्मारकाची पायाभरणी झाली, तेव्हा लाखाहून अधिक माणसे जमली होती.

त्या भारावलेपणातून 1939 च्या सुरुवातीला ब्लूमफाँटेनला एक संघटना निघाली : ओसेवाब्रांडवाख, म्हणजे बैलगाडीचे पहारेकरी. संस्कृती जपणे हा सांगितलेला हेतू. पण युद्ध सुरू झाले आणि जानेवारी 1941 मध्ये हान्स फान रेन्सबर्ग यांनी तिची सूत्रे हाती घेतली, तेव्हा ती उघडपणे हिटलरच्या विजयाची वाट पाहणारी झाली. फान रेन्सबर्ग साधेसुधे गृहस्थ नव्हते, फ्री स्टेट प्रांताचे प्रशासक होते. संघटनेच्या 'स्टॉर्मयार' या लढाऊ शाखेने तारा तोडल्या, स्फोट घडवले. त्याच महिन्याच्या अखेरीस जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर सैनिक आणि ओसेवाब्रांडवाखवाले एकमेकांवर तुटून पडले. पोलिसांतही संघटनेची मुळे पोचली होती. 1942 च्या आरंभी 300 हून अधिक पोलिसांना संशयावरून पकडले गेले. सरकारने नागरिकांच्या रायफली त्याआधीच जमा करून घेतल्या होत्या. ज्या समाजात रायफल बापाकडून मुलाकडे जाते, तिथे ही गोष्ट किती लागली असेल याची कल्पना करावी.

जर्मनीने ही जखम नेमकी हेरली. बर्लिनजवळच्या त्सेझेन केंद्रावरून लघुलहरींवर आफ्रिकान्स भाषेत कार्यक्रम लागत. एरिक होल्म नावाचा निवेदक, स्वतः दक्षिण आफ्रिकेचाच, शेजाऱ्याने ओट्यावर येऊन बोलावे तसा बोलायचा. 1941 मध्ये जर्मनीत 'ओम क्रूगर' हा बोअर युद्धावरचा खर्चिक चित्रपट निघाला. एमिल यानिंग्स ट्रान्सवालचे अध्यक्ष क्रूगर यांच्या भूमिकेत. त्यात ब्रिटिश छावण्यांतल्या बायकामुलांचे हाल अंगावर येतील असे दाखवले होते. तो दाखवणारी राजवट त्याच वेळी डाखाउ आणि बुखेनवाल्ड चालवत होती, आणि तरीही पडद्यावरचे दुःख खोटे नव्हते. प्रचाराला खोटे बोलावेच लागते असे नाही. 26 हजारांचा आकडा कुणी रचला नव्हता. खोटेपणा होता तो आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे लपवण्यात.

*

स्मट्स सरकारच्या प्रचाराकडे मी वळतो, कारण तो कमी सांगितला जातो आणि जास्त गुंतागुंतीचा आहे. माहिती विभागाने काय करावे? राजाचे नाव घेतले तर आफ्रिकानर दूर जाणार. साम्राज्याचे नाव घेतले तर अधिकच. मग त्यांनीही तेच केले जे विरोधक करत होते : बोअरांचा इतिहास पुढे केला.

युद्धाच्या पहिल्या वर्षांत 'पोलादी कमांडो' नावाचा ताफा ग्रामीण भागात फिरवला गेला. कमांडो म्हणजे बोअरांची घोडेस्वार तुकडी, गावच्या माणसांची, गावच्या नेत्याखालची. घोड्यांच्या जागी आता चिलखती गाड्या होत्या, प्रिटोरियाच्या सरकारी कारखान्याच्या पोलादाचा पत्रा ठोकून देशातच बांधलेल्या. बरोबर बँड. ताफा गावच्या चौकात थांबे, भाषणे दोन्ही भाषांत होत, पोरे गाड्यांवर चढत, आणि बाजूला भरतीचे टेबल. पत्रके, भित्तिपत्रके, चित्रपटगृहातल्या बातमीफिती, सगळ्यांतून सांगणे एकच : तुझ्या आजोबाने स्वातंत्र्यासाठी बंदूक घेतली, आता तुझी पाळी.

पलटणींची नावे पाहा. रेजिमेंट बोटा. रेजिमेंट प्रेसिडेंट स्टेन. रेजिमेंट दे ला रे. कोस दे ला रे हा बोअर युद्धातला सर्वांचा लाडका सेनानी. सप्टेंबर 1914 मध्ये ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरण्याला त्याचा विरोध होता, आणि त्याच दिवसांत जोहान्सबर्गजवळच्या पोलिस नाक्यावर गोळी लागून तो गेला. त्याच्या नावाची पलटण पुढे ब्रिटनच्या बाजूने इटलीत लढली. मेलेल्या माणसाची संमती विचारता येत नाही, हे दोन्ही बाजूंच्या प्रचारकांच्या पथ्यावर पडले.

आणि 'औमा', म्हणजे आजी. स्मट्स यांच्या पत्नी इसी यांना बोअर युद्धात ब्रिटिशांनी पीटरमारित्झबर्गला नजरकैदेत ठेवले होते. इंग्रजांविषयीची अढी त्यांनी पुढे बरीच वर्षे मनात ठेवली. ही बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर सैनिकांसाठी भेटवस्तू आणि गरम कपडे गोळा करणाऱ्या निधीची प्रमुख झाली. साधा झगा, विस्कटलेले पांढरे केस, हातात विणकाम. त्यांचे फोटो घरोघर पोचले. एका अर्थी हा सरकारचा सर्वात प्रभावी प्रचार होता. पण मला तो केवळ प्रचार वाटत नाही. शत्रूच्या कैदेत राहिलेल्या बाईने स्वतःच्या मनाशी केलेला तह त्यात दिसतो, आणि तो कोणत्याही खात्याला लिहून देता आला नसता.

तरीही माणसे भरती झाली ती मुख्यतः कशाने? अल्बर्ट ग्रुंडलिंग या इतिहासकाराने आफ्रिकानरांच्या भरतीचा अभ्यास केला, त्यातून पोटाचा प्रश्न ठळकपणे पुढे येतो. 1932 च्या कार्नेगी आयोगाने सुमारे 3 लाख गोरे कमालीचे गरीब असल्याचे नोंदवले होते, आणि त्यांत बहुसंख्य आफ्रिकानर होते. दुष्काळात आणि मंदीत जमिनी गेलेल्या, रेल्वेत गँगमन किंवा खाणीत मजूर झालेल्या या माणसांना सैन्यात ठरलेला पगार, बूट, जेवण आणि बायकोच्या हाती दरमहा पैसे मिळत. 'पोलादी कमांडो'च्या बँडने त्यांना मनवले नाही. बँडने एवढेच केले की भुकेपोटी घेतलेल्या निर्णयाला आजोबांच्या नावाची अब्रू दिली. हे थोडे नव्हे. गावात मान खाली घालून जगावे लागणाऱ्या माणसाला पगारापेक्षाही या अब्रूची गरज असते.

एकूण सुमारे 3 लाख 34 हजार लोक सैन्यात आले, त्यांत गोरे 2 लाखांच्या वर. या गोऱ्यांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त आफ्रिकानर होते. आफ्रिकानर म्हणजे नाझींचे समर्थक, हे समीकरण या एका आकड्यापुढे टिकत नाही.

*

23 नोव्हेंबर 1941 रोजी लिबियातल्या सिदी रेझेग इथे जर्मन रणगाड्यांनी दक्षिण आफ्रिकेची पाचवी ब्रिगेड धुळीला मिळवली. तिच्यात रेजिमेंट बोटा होती. सात महिन्यांनी लिबियातलेच टोब्रुक बंदर.

टोब्रुकच्या किल्लेबंदीचा प्रमुख होता मेजर-जनरल हेंड्रिक क्लॉपर, चाळिशीचा आफ्रिकानर, महिन्यापूर्वीच बढती मिळालेला. तटबंदीच्या आग्नेय बाजूला अकरावी हिंदी ब्रिगेड होती आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. 20 जून 1942 च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने हल्ला केला तो नेमका इथे. आधी डुबकी मारणाऱ्या स्टुका विमानांच्या लाटा, मग तोफा, मग रणगाडे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या पोरांच्या मोर्च्यांवरून खिंडार पडले आणि दिवस मावळायच्या आत बंदर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॉपरने शरणागती पत्करली. सुमारे 33 हजार कैदी झाले, त्यांत साडेदहा हजारांच्या वर दक्षिण आफ्रिकेचे.

त्या कैद्यांच्या रांगेत लाल पट्टीवाला बोअराचा नातू आणि मराठा शिपाई एकत्र चालले. दोघांच्याही घरी त्या वर्षी सारखेच प्रश्न होते. तिकडे क्लॉपर फितूर झाला अशा वावड्या उठल्या. त्या खऱ्या नव्हत्या, आणि पुढे तो देशाच्या सैन्याचा प्रमुखही झाला. इकडे दोन महिन्यांत 'चले जाव' सुरू झाले आणि ज्या सातारा जिल्ह्याने मराठा पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली, त्याच जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. एका भावाचा मनिऑर्डरने पगार येतो आणि दुसरा भूमिगत आहे, अशी घरे आपल्याकडेही होती. सैन्यात शिरून शस्त्रविद्या शिका, असे सावरकर सांगत होते. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली होती. जर्मनांच्या हाती लागलेल्या हिंदी कैद्यांतून सुभाषबाबूंच्या फौजेसाठी माणसे निवडली जात होती. ब्रिटिशांशी वैर आणि ब्रिटिशांचा पगार हे दोन्ही एकाच उंबऱ्याच्या आत नांदू शकते, हे मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

मात्र फरक मोठा आहे, आणि तो पुसू नये. आपण ज्या स्वातंत्र्यासाठी लढत होतो त्यात, निदान मागणी म्हणून, सगळ्यांना मत होते. ओसेवाब्रांडवाखला हव्या असलेल्या प्रजासत्ताकात देशातल्या बहुसंख्य माणसांना स्थान नव्हते. स्मट्स यांच्या दक्षिण आफ्रिकेतही ते नव्हतेच.

टोब्रुक पडल्यावर माहिती विभागाने आपली सर्वात जोरदार मोहीम काढली : टोब्रुकचा सूड घ्या. पोलादी गाड्यांपेक्षा साडेदहा हजार घरांतली रिकामी खुर्ची जास्त बोलकी होती. पण शपथ घेणारे गोरे आता आटत चालले होते, आणि कृष्णवर्णीयांना बंदूक द्यायची नाही हा हट्ट सरकारने सोडला नाही. सुमारे 77 हजार कृष्णवर्णीय सैन्यात होते : ड्रायव्हर, हमाल, स्ट्रेचर वाहणारे. पहाऱ्यावर उभे राहताना त्यांच्या हाती भाला असे. रणगाड्यांच्या युद्धात, विसाव्या शतकात, भाला.

त्यांच्यातला एक योब मासेको. टोब्रुकला पकडला गेला, जर्मनांनी त्याला बंदरात माल उतरवायला जुंपले. जुलै 1942 मध्ये त्याने आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा घेतला, काडतुसांतली दारू काढून त्यात भरली, वात लावली आणि तो डबा जहाजाच्या पोटात पेट्रोलच्या पिंपांजवळ दडवला. ते जहाज बुडाले. पुढे तो कैदेतून निसटला आणि वाळवंट तुडवत आपल्या सैन्याला जाऊन मिळाला. त्याला मिलिटरी मेडल मिळाले. सरकारी युद्धचित्रकार नेव्हिल लुइस यांनी त्याचे व्यक्तिचित्र रंगवले. भाला हाती घेऊन आलेल्या माणसाने दुधाच्या डब्याने जहाज बुडवले, पण त्याच्या सरकारला त्याच्या हाती रायफल द्यावीशी वाटली नाही.

*

युद्ध जिंकले. प्रचाराचे काय झाले?

रोबी लाइबब्रांट हा 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेसाठी खेळलेला मुष्टियोद्धा. जून 1941 मध्ये जर्मनांनी त्याला एका शिडाच्या बोटीतून नामाक्वालँडच्या किनाऱ्यावर उतरवले, सरकार उलथवण्यासाठी. वर्ष संपायच्या आत तो पकडला गेला आणि 1943 मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. स्मट्स यांनी ती जन्मठेपेवर आणली. दुसरा फूरी त्यांना नको होता, असे मी समजतो. 26 मे 1948 च्या निवडणुकीत स्मट्स यांचा पक्ष हरला, स्टँडर्टनमधून ते स्वतःही पडले, आणि आफ्रिकानर राष्ट्रवाद्यांचे नेते मलान यांच्या नव्या सरकारने लाइबब्रांटला सोडून दिले. कॉफिफाँटेनच्या स्थानबद्धता छावणीत ओसेवाब्रांडवाखचा एक तरुण वकील होता, योहानेस फॉर्स्टर. तो 1966 मध्ये पंतप्रधान झाला. त्याच्या आधीचे पंतप्रधान फेर्वुर्ट युद्धकाळात 'दि ट्रान्सवालर'चे संपादक होते. हे वृत्तपत्र नाझी प्रचाराला साथ देते असे एका इंग्रजी दैनिकाने लिहिले, म्हणून त्यांनी बदनामीचा दावा लावला. 1943 मध्ये तो ते हरले. न्यायाधीशांनी आरोप खरा ठरवला. पंधरा वर्षांनी ते देशाचे पंतप्रधान होते.

लाल पट्टीवाले आफ्रिकानर या नव्या राष्ट्रात अडचणीचे झाले. ज्यांनी शपथ घेतली नाही त्यांची गोष्ट सरळ होती, ती शाळेत शिकवता येत होती. ज्यांनी घेतली त्यांची गोष्ट भुकेची, अब्रूची, सिदी रेझेगच्या वाळूची. ती ना इंग्रजांच्या विजयकथेत बसली, ना बैलगाडीच्या गौरवगाथेत. बऱ्याच जणांनी पदके पेटीत ठेवली आणि मत मलान यांच्या पक्षाला दिले.

सगळ्यांनी नाही. केपमधल्या वेलिंग्टनजवळ जन्मलेला आफ्रिकानर, ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईतला नामांकित वैमानिक 'सेलर' मलान 1951 मध्ये माजी सैनिकांचे आंदोलन घेऊन उभा राहिला. केप प्रांतातल्या मिश्रवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याचा सरकारचा डाव होता, त्याच्या विरोधात हजारो माजी सैनिक हाती मशाली घेऊन रस्त्यावर आले. मशाल आंदोलनाची सदस्यसंख्या अडीच लाखांपर्यंत गेल्याचे सांगतात. माजी सैनिकांनी, आपल्या नेत्याचेच आडनाव असलेल्या पंतप्रधान मलान यांचा धाक न बाळगता, राज्यघटनेसाठी रस्ता धरावा, ही त्या देशाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. पण हे आंदोलनही एका जागी अडखळले : ज्यांच्या हक्कासाठी ते होते, त्या मिश्रवर्णीय माजी सैनिकांना पूर्ण सदस्य म्हणून घ्यायचे का, यावरच त्यात मतभेद झाले. काही वर्षांत ते विरले. 1956 मध्ये सेनेट फुगवून, बहुमत जमवून सरकारने आपला हेतू साधला आणि केपच्या मिश्रवर्णीय मतदारांची नावे सर्वसाधारण यादीतून कापली गेली. त्या नावांत केप कोअर या मिश्रवर्णीयांच्या सैनिकी दलातल्या माणसांचीही होती. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पाण्याचे आणि दारूगोळ्याचे ट्रक त्यांनी चालवले होते, आणि त्यांनीही शपथ घेतली होती.